‘मध्यवर्ती भूमिका’ म्हणजे नेमकी किती? डायबेटिक रेटिनोपॅथी आणि दाहाचा पुरावा वाचताना



पीएचडी प्रवेशाची तयारी करणारे बरेच जण सिनॉप्सिसचे मसुदे वाचायला पाठवतात. त्यात जुन्नर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव या आपल्या पट्ट्यातलेही असतात. एमएस्सी बायोटेक किंवा मायक्रोबायोलॉजी झालेलं असतं, घरात कुणाला तरी ‘शुगर’ असते आणि विषय ठरतो तो डायबेटिस आणि डोळे. विषय उत्तम आहे. पण बहुतेक मसुद्यांत दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत एक वाक्य ठरलेलं असतं: ‘डायबेटिक रेटिनोपॅथी हा दाहजन्य आजार आहे.’ पुढे एक संदर्भ क्रमांक, आणि गाडी थेट ‘म्हणून आम्ही रुग्णांच्या रक्तातलं सीआरपी मोजणार आहोत’ या स्टेशनावर.

आज ते वाक्य आणि तो संदर्भ जरा नीट तपासू. वाक्य खोटं आहे असं माझं म्हणणं नाही. पुरावा जेवढा बोलतो त्याच्यापेक्षा वाक्य जास्त बोलतं, एवढंच म्हणणं आहे. आणि तेवढ्या फरकावर तुमची तीन-चार वर्षं अवलंबून असतात.

आधी शब्द साफ करू

दाह म्हटलं की शाळेतली चार लक्षणं आठवतात: लाली, सूज, ऊब, वेदना. रेटिनोपॅथीत यातलं काय दिसतं? डोळा बाहेरून लाल होत नाही. दुखत नाही. पडद्याच्या मध्यभागाला, म्हणजे मॅक्युलाला सूज येते खरी, पण ती वाहिन्यांतून पाणी झिरपल्यामुळे. तेव्हा इथे ‘दाह’ हा शब्द वेगळ्या अर्थाने वापरलेला आहे. पांढऱ्या पेशी केशवाहिन्यांच्या आतल्या भिंतीला चिकटून बसणं, तिथे आयकॅम-१ सारखे चिकटवणारे रेणू वाढणं, पडद्यातल्या मायक्रोग्लिया पेशी जाग्या होणं, आयएल-६ किंवा टीएनएफ-अल्फा यांसारखे सायटोकाइन वाढणं, या सगळ्या घडामोडींना मिळून ‘सौम्य, दीर्घकालीन दाह’ म्हणतात.

हा फरक फक्त व्याख्येपुरता नाही. आपल्याकडे ‘डोळ्यांत दाह’ म्हटलं तर माणूस आग होणं, चुरचुरणं समजतो आणि गुलाबपाणी शोधतो. रेटिनोपॅथीची खरी पंचाईत अशी की काहीच चुरचुरत नाही. बऱ्याच पुढच्या टप्प्यापर्यंत नजरही चांगली राहू शकते. तुम्ही रुग्णांसाठी माहितीपत्रक किंवा संमतीपत्र लिहाल तेव्हा हा शब्द जपून वापरा. आणि सिनॉप्सिसमध्ये लिहाल तेव्हा वरच्यापैकी नेमकं काय म्हणायचंय ते लिहा. ‘दाह’ मोजता येत नाही. चिकटलेल्या पेशी मोजता येतात, आयएल-६ मोजता येतं.

२००४ चा पेपर

सगळ्यांचा लाडका संदर्भ म्हणजे आंटोनिया युसेन आणि सहकाऱ्यांचा फासेब जर्नलमधला २००४ चा पेपर. शीर्षकातच दावा आहे: डायबेटिक रेटिनोपॅथीच्या रोगनिर्मितीत दाहाची मध्यवर्ती भूमिका. पेपर चांगला आहे आणि त्याच्यामागे परंपरा आहे. १९९१ मध्ये श्र्योडर, पालिन्स्की आणि श्मिड-श्योनबाइन यांनी मधुमेही उंदीरवर्गीय प्राण्यांच्या पडद्यात पांढऱ्या पेशींमुळे केशवाहिन्या तुंबलेल्या दाखवल्या. १९९५ मध्ये मॅक्लिऑड आणि सहकाऱ्यांनी मृत्यूनंतर मिळालेल्या मधुमेही माणसांच्या डोळ्यांत आयकॅम-१ वाढलेलं दाखवलं. १९९९ मध्ये मियामोतो आणि सहकाऱ्यांनी आयकॅम-१ ला अडवलं की उंदरांत पेशींचं चिकटणं आणि वाहिन्यांची गळती दोन्ही कमी होतात हे दाखवलं. पण हे सगळं तुकड्यातुकड्यांत होतं, आणि बरंचसं अल्पकाळाचं. २००४ च्या गटाने विचारलं: चिकटण्याची यंत्रणाच जन्मापासून नसेल तर दीर्घकाळात रेटिनोपॅथी होते का?

त्यासाठी दोन प्रकारचे उंदीर घेतले. एकात आयकॅम-१ नाही (वाहिनीच्या भिंतीवरचा हूक), दुसऱ्यात सीडी-१८ नाही (पांढऱ्या पेशीवरची कडी). काहींना स्ट्रेप्टोझोटोसिन देऊन मधुमेह आणला आणि ११ व १५ महिन्यांनी तपासलं. काहींना भरपूर गॅलॅक्टोजचा आहार दिला आणि २४ महिन्यांपर्यंत पाहिलं. साध्या उंदरांच्या तुलनेत या उंदरांत चिकटलेल्या पेशी कमी, गळती कमी, पेरिसाइट पेशींचा नाश कमी, आणि पेशी मरून नुसत्या नळ्या उरलेल्या केशवाहिन्याही कमी.

या पेपरची ताकद काय ते आधी मान्य करू. पहिली गोष्ट, वेळ. उंदराच्या आयुष्यात २४ महिने म्हणजे म्हातारपण. रेटिनोपॅथी हळू होणारा आजार आहे आणि या गटाने तेवढी वाट पाहिली. दुसरी, हूक आणि कडी दोन्ही बाजूंनी तपासणी. एकच जीन काढून परिणाम दिसला असता तर तो त्या जीनचा दुसराच काही गुण असेल असं म्हणता आलं असतं. दोन्हींकडून तेच उत्तर आल्यावर शंका बरीच कमी होते.

आता मर्यादा.

गॅलॅक्टोजवाल्या उंदरांना मधुमेह नसतो. इन्शुलिन ठीक, ग्लुकोज ठीक, फक्त दुसरी एक साखर प्रचंड वाढलेली. पडद्यातले बदल मात्र मधुमेहासारखेच दिसतात. काहीजण याला पेपरची कमजोरी म्हणतात. मला ती अर्धी ताकद वाटते, कारण त्यातून कळतं की वाहिन्या बिघडायला जादा साखर पुरते. पण मग पेरिसाइट आणि रिकाम्या केशवाहिन्यांचा मुख्य पुरावा गॅलॅक्टोजच्या उंदरांतून आलाय आणि गळतीचा मधुमेही उंदरांतून, हे वाचताना लक्षात ठेवायला हवं. ‘डायबेटिक उंदरांत दाह काढला आणि रेटिनोपॅथी थांबली’ असं सरसकट लिहिलं की दोन वेगळे प्रयोग एकात मिसळतात.

दुसरं, उंदराला मॅक्युला नसतो. नवीन, नाजूक रक्तवाहिन्या फुटून रक्तस्राव होण्याची पुढची अवस्थाही या उंदरांत सहसा येत नाही. माणसाची नजर जाते ती मुख्यतः याच दोन कारणांनी. म्हणजे हा पेपर आजाराच्या सुरुवातीबद्दल बोलतो. शेवटाबद्दल बोलत नाही.

तिसरं, यंत्रणा जन्मापासून काढलेली आहे. आपल्या तालुक्यातला रुग्ण दहा वर्षांची साखर घेऊन येतो. ‘सुरुवातीपासून नसतं तर झालं नसतं’ आणि ‘आता काढलं तर बरं होईल’ ही दोन वेगळी विधानं आहेत. पहिल्यावरून दुसरं निघत नाही.

जे बदललं नाही, ते वाचलंत का?

आता खरी गंमत. त्याच पेपरच्या सारांशात आणखी एक निष्कर्ष आहे, जो मसुद्यांत कधीच येत नाही. दीर्घकाळ गॅलॅक्टोज दिलेल्या उंदरांत वाहिन्यांचं आधारपटल जाड झालं, आणि ते सगळ्या प्रकारच्या उंदरांत झालं. हूक असो वा नसो, कडी असो वा नसो.

आधारपटल जाड होणं ही मधुमेहातल्या सूक्ष्मवाहिन्यांच्या आजाराची अगदी ओळखीची खूण आहे. ती या यंत्रणेला हात लावून थांबली नाही. म्हणजे साखरेपासून वाहिनीपर्यंत किमान दोन वाटा आहेत. एक पांढऱ्या पेशी चिकटण्यावरून जाते, दुसरी जात नाही. मग ‘मध्यवर्ती’ हा शब्द कुठवर ताणायचा? लेखकांनी सारांशात लिहिताना रेटिनोपॅथीच्या ‘बऱ्याच’ खुणांना दाह जबाबदार आहे असं म्हटलंय. ‘बऱ्याच’. पुढे उद्धृत होता होता ते ‘बऱ्याच’ गळून पडलं आणि शीर्षक तेवढं उरलं.

यातून एक सवय घ्या. पेपर वाचताना ज्या तक्त्यात फरक दिसला नाही तो तक्ता आधी शोधा. लेखकांनी तो प्रामाणिकपणे छापलेला असतो. आपणच तो वाचत नाही.

माणसांच्या डोळ्यांतला पुरावा

माणसांत आयएल-६, एमसीपी-१, व्हीईजीएफ हे रेणू डोळ्याच्या आतल्या जेलीत, म्हणजे व्हिट्रियसमध्ये वाढलेले सापडतात. असे पुष्कळ पेपर आहेत आणि आकडे बहुतेक एकाच दिशेला जातात. पण हे नमुने कुणाचे? निरोगी माणसाच्या डोळ्यातून जेली काढता येत नाही. ज्यांची व्हिट्रेक्टमी करावी लागली त्यांच्याकडूनच ती मिळते, म्हणजे आजार शेवटच्या टप्प्यात गेलेल्यांकडून. तुलनेसाठी घेतलेले डोळेही निरोगी नसतात. मॅक्युलाला छिद्र पडलेले किंवा पडद्यावर पातळ पापुद्रा आलेले रुग्ण तिथे ‘कंट्रोल’ असतात.

शिवाय या टप्प्यावर रक्त आणि पडदा यांच्यातला बांध फुटलेला असतो. रक्तातली प्रथिनं जेलीत उतरतात. मग तिथे सापडलेलं आयएल-६ पडद्यात तयार झालं, की रक्तातून गळून आलं? याचं उत्तर शोधायचं तर त्याच नमुन्यातलं एकूण प्रथिन किंवा अल्ब्युमिन मोजून तुलना करावी लागते, आणि त्याच दिवशीचं रक्तही तपासावं लागतं. पेपर हातात घेतलात की पद्धतीच्या भागात आधी हे बघा. नसेल तर ‘वाढलेलं सापडलं’ इथेच थांबा, ‘त्यामुळे आजार झाला’ इथे जाऊ नका.

असाच प्रकार ओसीटी स्कॅनवरच्या चमकदार ठिपक्यांचा. अलीकडे त्यांना बिनधास्त ‘दाहाची खूण’ म्हटलं जातं. ते मायक्रोग्लिया असू शकतात, गळलेल्या चरबीचे कणही असू शकतात. स्कॅनवर ठिपक्याच्या अंगावर नाव लिहिलेलं नसतं.

औषधं काय सांगतात?

एखादी गोष्ट आजाराचं कारण असेल तर तिला अडवल्यावर आजार कमी व्हायला हवा. इथे मात्र गोष्ट गुंतागुंतीची होते.

१९६४ मध्ये पॉवेल आणि फील्ड यांनी लॅन्सेटमध्ये एक छोटं निरीक्षण छापलं. संधिवातासाठी सॅलिसिलेट, म्हणजे ॲस्पिरिनच्या जातीची औषधं घेणाऱ्या मधुमेहींमध्ये रेटिनोपॅथी अपेक्षेपेक्षा कमी दिसते. केवढी सुंदर कल्पना! पण मग १९९१ मध्ये ईटीडीआरएस या मोठ्या चाचणीचा निकाल आला. ३,७११ रुग्ण, रोज ६५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन किंवा दिसायला तशीच औषध नसलेली गोळी. रेटिनोपॅथीच्या वाटचालीत फरक शून्य. (रक्तस्रावाचा धोका वाढला नाही, ही त्यातली दिलासा देणारी बाब. हृदयासाठी ॲस्पिरिन घेणाऱ्याने डोळ्यांच्या भीतीने ते बंद करायचं कारण नाही.)

दाहाच्या बाजूने बोलणारे म्हणतात, डोस कमी होता. त्यात तथ्य आहे. कर्न आणि एंगरमन यांनी कुत्र्यांना पाच वर्षं ॲस्पिरिन दिलं आणि पडद्यातले काही बदल कमी झाले, पण तो डोस किलोमागे २० ते २५ मिलिग्रॅम होता. ६५ किलोच्या माणसाला ६५० मिलिग्रॅम म्हणजे किलोमागे १०. निम्मा किंवा त्याहून कमी. १९८९ च्या डॅमॅड चाचणीत रोज ९९० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिलं होतं आणि तिथे सूक्ष्म फुगवट्यांची वाढ थोडी मंदावली. म्हणजे डोसचा मुद्दा हवेतला नाही.

पण इथे स्वतःला एक प्रश्न विचारा. चाचणी फसली की डोस कमी होता, रुग्ण उशिरा आले होते, कालावधी कमी होता, औषध चुकीचं होतं. असं प्रत्येक वेळी म्हणता येत असेल तर ही कल्पना चुकीची ठरण्याची वाट कुठली उरली? सिनॉप्सिस लिहिण्याआधी एका कागदावर लिहून ठेवा: ‘अमुक निकाल आला तर माझं गृहीतक चुकलं असं मी मानेन.’ ते लिहिता येत नसेल तर गृहीतक अजून तयार नाही.

मग स्टेरॉइड. ती डोळ्यात टोचली की मॅक्युलाची सूज उतरते. २०१४ मध्ये छापलेल्या मीड चाचणीत डेक्सामेथासोनचा कण बसवलेल्या २२.२ टक्के रुग्णांना तक्त्यावर १५ किंवा जास्त अक्षरांचा फायदा झाला, नुसता देखावा केलेल्या गटात १२ टक्क्यांना. लोक लगेच म्हणतात, बघा, दाह सिद्ध झाला! पण स्टेरॉइड हे काही एकाच कुलपाची किल्ली नाही. ते दाह कमी करतं, व्हीईजीएफ कमी करतं आणि वाहिन्यांच्या पेशींमधले सांधेही घट्ट करतं. यातल्या कशामुळे सूज उतरली हे निकालावरून कळत नाही.

जास्त बोलकी चाचणी आहे अमेरिकेतल्या डीआरसीआर नेटवर्कची ‘प्रोटोकॉल यू’, २०१८ ची. रॅनिबिझुमॅबची इंजेक्शनं घेऊनही सूज न गेलेले १२९ डोळे घेतले. अर्ध्यांना तेच औषध चालू, अर्ध्यांना त्यासोबत डेक्सामेथासोन. २४ आठवड्यांनी पडद्याची जाडी स्टेरॉइडच्या गटात जास्त उतरली. नजर मात्र दोन्ही गटांत जवळपास सारखीच, सरासरी तीन अक्षरांच्या आसपास सुधारली. वर स्टेरॉइडच्या गटात डोळ्याचा दाब वाढलेले रुग्ण बरेच. दाह अडवून स्कॅन सुधारला, माणसाचं वाचन नाही. तुमच्या प्रबंधात ‘परिणाम’ म्हणून तुम्ही यातलं काय मोजणार आहात?

व्हीईजीएफने गोंधळ आणखी वाढतो. व्हीईजीएफ स्वतः आयकॅम-१ वाढवतं, आणि चिकटलेल्या पेशींमुळे तुंबलेली केशवाहिनी ऑक्सिजन कमी करून व्हीईजीएफ वाढवते. आधी बी की आधी झाड, अशी ही साखळी आहे. म्हणून ‘व्हीईजीएफ की दाह’ असा सामना लावणारे परिच्छेद दिसले की मी तिथे पेन्सिलने प्रश्नचिन्ह करते.

आणि फेनोफायब्रेट. चरबीवरचं हे साधं गोळीचं औषध. स्कॉटलंडमधल्या लेन्स चाचणीत (२०२४, १,१५१ रुग्ण) रेटिनोपॅथी पुढे जाण्याचं प्रमाण २९.२ टक्क्यांवरून २२.७ टक्क्यांवर आलं. हे कसं घडलं यावर मतं वेगवेगळी आहेत आणि त्यात ‘दाह कमी करून’ हेही एक आहे. निकाल भक्कम आहे, स्पष्टीकरण अजून नाही. दोन्ही एकाच वाक्यात कोंबू नका.

आता आपल्या तालुक्यांकडे

हे सगळं परदेशातलं झालं. आपल्याकडचा धागा कुठला? १९९९ मध्ये लंडनचे जॉन युडकिन आणि पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी डायबेटिस केअरमध्ये एक छोटं टिपण छापलं. शहरी भारतीयांच्या रक्तात दाहाचे सायटोकाइन आणि लेप्टिन जास्त, ग्रामीण भारतीयांत तसं नाही. पुढे २००८ मध्ये याज्ञिकांच्या गटाने पुणे परिसरातले ग्रामीण, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गीय पुरुष घेऊन चरबी, दाह आणि साखर यांचा एकत्र अभ्यास केला.

हे संदर्भ मसुद्यांत यायला हवेत. पण सावधपणे. एक, ते मधुमेहाच्या धोक्याबद्दल आहेत, डोळ्याच्या पडद्याबद्दल नाहीत. दोन, ‘ग्रामीण’ म्हणजे कोण? जुन्नर आणि आंबेगावच्या पूर्वेकडे कुकडी प्रकल्पाचं पाणी, ऊस, द्राक्षं, टोमॅटो, हातात मोटारसायकल आणि पुणे-नाशिक रस्ता. पश्चिमेकडे आहुपे, भीमाशंकर, नाणेघाटाच्या बाजूला डोंगराळ आदिवासी गावं, भातशेती, चुलीचा धूर, लांब अंतरं. या दोघांना एका ‘ग्रामीण नमुन्यात’ टाकलंत तर सरासरी येईल, पण ती कुणाचीच नसेल.

आता ‘जुन्नर-आंबेगावातल्या २०० मधुमेहींमध्ये सीआरपी आणि रेटिनोपॅथीचा संबंध’ हा नेहमीचा मसुदा घ्या. हिशेब करून बघू. स्मार्ट इंडिया या बहुराज्यीय पाहणीत (२०२२) चाळिशीपुढच्या मधुमेहींमध्ये रेटिनोपॅथी १२.५ टक्के आणि नजरेला धोका असलेली ४ टक्के आढळली. हे आकडे आपल्या तालुक्यांचे नाहीत, पण अंदाजाला चालतील. २०० पैकी २५ जणांना रेटिनोपॅथी, ८ जणांना गंभीर. सीआरपीचे तीन गट पाडले तर गटाला आठेक रुग्ण. त्यात वय, साखर, रक्तदाब, किती वर्षांचा मधुमेह, एवढं सगळं समायोजित करायचं! आकडेवारी येईल, पण ती तुमच्याशी बोलणार नाही.

सीआरपीचं दुसरं दुखणं असं की ते कशानेही वाढतं. हिरड्यांचा जुना संसर्ग, मिश्री-तंबाखू, पायाची न भरणारी जखम, क्षयरोग, आदल्या आठवड्यातला ताप, नुसता लठ्ठपणाही. एकदा रक्त घेऊन आलेला आकडा ‘पडद्यातला दाह’ म्हणून वाचणं म्हणजे गावाच्या वेशीवर उभं राहून एका घरातलं भांडण ऐकल्यासारखं आहे.

तिसरं, किती वर्षांपासून मधुमेह? रेटिनोपॅथीशी सगळ्यात घट्ट जोडलेली गोष्ट ही. पण आपल्याकडे साखर कधी तपासली जाते? जखम भरेना म्हणून, मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी, किंवा गरोदरपणात. निदानाची तारीख ही आजाराची तारीख नसते. ब्रिटनच्या यूकेपीडीएस अभ्यासातसुद्धा निदानाच्या वेळीच सुमारे ३७ टक्के रुग्णांत रेटिनोपॅथीची काही ना काही खूण होती. तेव्हा ‘मधुमेह दोन वर्षं, तरी रेटिनोपॅथी, म्हणजे दाहामुळे’ हा निष्कर्ष काढू नका. कदाचित दहा वर्षं झाली असतील.

चौथं, नमुना कुठून घेणार? या भागात डोळ्यांच्या कामाची मोठी परंपरा आहे. नारायणगावचं मोहन ठुसे नेत्र रुग्णालय आणि डॉ. मनोहर डोळे यांचं काम सगळ्यांना माहीत आहे, २०२४ मध्ये त्यांना पद्मश्रीही जाहीर झाली. पण कुठल्याही नेत्रशिबिरात येतो तो ज्याला दिसत नाही तो. रेटिनोपॅथीची सुरुवात असलेला माणूस, ज्याला सगळं स्वच्छ दिसतं, तो टोमॅटोच्या हंगामात दिवस मोडून कशाला येईल? थेंब घालून बाहुली मोठी केली की पुढचे काही तास धूसर दिसतं, एसटीने परत जायला सोबत कुणीतरी लागतं, म्हणजे दोघांची मजुरी बुडते. सुरुवातीचे रुग्ण यादीत येतच नाहीत. आणि दाहाचा सगळा सिद्धान्त तर सुरुवातीबद्दलच आहे!

मग करायचं काय?

विषय सोडू नका, प्रश्न लहान करा. एकदाच रक्त घेऊन एकदाच फोटो काढण्यापेक्षा, पडदा स्वच्छ असलेले मधुमेही निवडा आणि दोन वर्षांनी परत फोटो घ्या. आधीचं रक्त, नंतरचा पडदा, असा काळाचा क्रम ठेवा. हे एकट्याने झेपणार नाही, म्हणून आधीच चालू असलेल्या तपासणी कार्यक्रमाला जोडून घ्या. फोटो वाचणाऱ्याला सीआरपीचा आकडा कळू देऊ नका. हिरड्या, तंबाखू, जखमा, चुलीचा धूर यांची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवा. एचबीएवनसीसोबत हिमोग्लोबिनही मोजा, कारण लोहाच्या कमतरतेच्या ॲनिमियात एचबीएवनसीचा आकडा फसवू शकतो. आणि पूर्व-पश्चिम गावं वेगळी ठेवून विश्लेषण आधीच लिहून काढा.

हे मी इतकं ताणून का सांगतेय? कारण ‘रेटिनोपॅथी म्हणजे दाह’ हे वाक्य प्रबंधात राहत नाही. ते व्हॉट्सॲपवर येतं, हळदीच्या कॅप्सूलच्या जाहिरातीत येतं, ‘दाह कमी करणारा आहार’ म्हणून विकलं जातं. कर्क्युमिन तोंडावाटे घेतलं तर फारच कमी शोषलं जातं, पण ते कोण सांगणार? दुसरीकडे, ज्याचा पुरावा पक्का आहे ते ऐकायला कंटाळवाणं असतं. साखर आटोक्यात: डीसीसीटी चाचणीत (१९९३) टाइप-१ च्या रुग्णांत नव्याने रेटिनोपॅथी होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. रक्तदाब आटोक्यात: यूकेपीडीएसमध्ये (१९९८) रेटिनोपॅथी पुढे जाणं ३४ टक्क्यांनी घटलं. आणि दरवर्षी, काही दुखत नसताना, पडद्याची तपासणी. कॅप्सूल घेतोय म्हणून ज्याने ही तपासणी टाळली, त्याच्या बाबतीत आपल्या एका सैल वाक्याची किंमत दुसऱ्याच्या डोळ्याने मोजली जाते.

सिनॉप्सिसमधलं वाक्य मी असं लिहीन: ‘प्राण्यांमधल्या प्रयोगांत पांढऱ्या पेशी चिकटण्याची यंत्रणा काढल्यावर रेटिनोपॅथीचे सुरुवातीचे अनेक बदल कमी झाले, परंतु आधारपटलाची जाडी कमी झाली नाही. माणसांत दाहाचे रेणू मुख्यतः पुढच्या टप्प्यात मोजले गेले आहेत. सुरुवातीच्या टप्प्यात त्यांचा किती वाटा आहे हा खुला प्रश्न आहे.’ तीन वाक्यं झाली, एकाऐवजी. पण गाईडने किंवा संशोधन समितीने त्यातल्या कुठल्याही शब्दावर बोट ठेवलं तरी तुमच्याकडे उत्तर असेल, आणि तुमचा अभ्यास कुठे बसतो ते तिसऱ्या वाक्यात आपोआप दिसेल.

ज्यांचे मसुदे माझ्याकडे आहेत त्यांनी एवढं करून परत पाठवा. आधी तो ‘फरक दिसला नाही’वाला तक्ता शोधा, मग सीआरपीबद्दल बोलू.